आख्खा डोंगरच उचला!

उरण लोकलने निघालात की शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडचं स्टेशन द्रोणागिरी. जानेवारी २०२४ मध्ये रेल्वे इथवर पोचली. सिडकोच्या इथल्या नोडला, म्हणजे नव्या वसाहतीला, नाव मिळालं ते उरणच्या दक्षिणेला, करंजाच्या बाजूला उभ्या असलेल्या डोंगरावरून. हनुमान संजीवनीचा डोंगर घेऊन उडाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, असं उरणकर सांगतात. गंमत म्हणजे उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातही द्रोणागिरी नावाचं गाव आहे आणि आपला डोंगर नेला म्हणून तिथले लोक हनुमानाची पूजा करत नाहीत!

या कथेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हनुमानाला संजीवनी कोणती ते ओळखता आलं नाही. म्हणून तो निवडत बसला नाही, त्याने आख्खा डोंगर उचलला. जुने व्हिडिओ गेम, जुनी सॉफ्टवेअर इंटरनेटवर जपून ठेवणारी मंडळी हेच करत आली आहेत. कोणता गेम उद्या अभ्यासाला लागेल, कोणत्या फॉन्टवाचून एखादी जुनी फाइल अडून बसेल, हे आज कळत नाही. तेव्हा चांगलं-वाईट न पाहता सगळंच उचलायचं. त्या डोंगरावरच्या काही मजेदार वनस्पती आज पाहू.

पावणेसात लाख फ्लॉप्या, एका खिशात

साडेतीन इंची फ्लॉपीत मावायचे १४,७४,५६० बाइट. आज बाजारात मिळणाऱ्या एक टेराबाइटच्या तळहाताएवढ्या डिस्कमध्ये अशा सुमारे पावणेसात लाख फ्लॉप्या बसतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा आख्खा गेम, त्यातले डोंगर, कासवं, संगीत आणि राजकन्येसकट, फक्त ४० किलोबाइटचा. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं गुलाबाच्या फुलाचं ‘सुप्रभात’ बहुतेक वेळा त्याहून मोठं असतं.

शेजारच्या पनवेलमध्येच जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचं ७,२०० रॅकचं डेटा सेंटर सुरू झालं. म्हणजे जागा नाही म्हणून जुनं सॉफ्टवेअर गेलं, असं आता कुणी म्हणू शकत नाही. ते जातं ते वेळेत कुणी उचललं नाही म्हणून.

राजपुत्र सापडला वडिलांच्या कपाटात

नव्वदच्या दशकात ज्यांच्या शाळेत संगणकाची खोली होती, त्यांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची ओळख करून द्यायला नको. बूट बाहेर काढायचे, आत शिरायचं आणि सर पाठमोरे झाले की राजपुत्र धावायला लागायचा. त्याचं ते धावणं इतकं माणसासारखं का वाटायचं? कारण तो खराच माणूस होता. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. संगीत दिलं वडिलांनी. गेम १९८९ मध्ये ॲपल टू संगणकावर आला आणि डॉसवर उतरून जगभर गेला.

पुढे मूळ सोर्स कोडच हरवला. तब्बल दोन दशकांनी, २०१२ मध्ये, वडिलांच्या घरी कपाटात मागे एक खोका निघाला आणि त्यात त्या फ्लॉप्या होत्या. जुनी संकेतस्थळं आणि सॉफ्टवेअर जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचे जेसन स्कॉट आणि जुन्या ॲपलचे जाणकार टोनी डियाझ यांनी त्या वाचून दिल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये मेकनरने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. आज कुणीही विद्यार्थी तो उघडून वाचू शकतो, राजपुत्र कड्याला लोंबकळतो ते गणित कसं बसवलंय ते पाहू शकतो.

आणखी एक छोटी गोष्ट. पहिली पातळी पार झाली की एका दालनात बाटल्या मांडलेल्या असायच्या, प्रत्येकीवर एक अक्षर. छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधून ती बाटली प्यायची. चुकीची प्यायलात तर राजपुत्राला इजा व्हायची. चोरून नक्कल करणाऱ्यांना अडवण्याची ती युक्ती होती. आपल्याकडे पुस्तिका कुणाच्याच हाती नव्हती, बाटली अंदाजाने निवडली जायची किंवा कुठली प्यायची ते वरच्या वर्गातला दादा सांगायचा. म्हणूनच आर्काइव्हवाले गेमबरोबर पुस्तिकाही पानन्‌पान स्कॅन करतात. पुस्तिकेशिवाय तो गेम अर्धाच वाचतो.

हॅपी बर्थडे जोशी

जून १९९० मध्ये भारतात एक व्हायरस सापडला. त्याचं नाव जोशी. वर्षभर तो फ्लॉपीच्या आणि हार्डडिस्कच्या सुरुवातीच्या भागात दडून बसायचा आणि दर ५ जानेवारीला संगणक अडवून धरायचा. पडद्यावर मागणी एकच, ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. केलंत की संगणक मुकाट्याने पुढे चालू. हा व्हायरस फ्लॉपीफ्लॉपीतून देश ओलांडून गेला आणि दूरदूरच्या अनोळखी लोकांनी जोशींना शुभेच्छा दिल्या.

त्याच काळात पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या काटकर बंधूंनी व्हायरस काढायचे प्रोग्राम लिहायला घेतले आणि त्यातूनच १९९५ मध्ये ‘क्विक हील’ उभं राहिलं.

व्हायरस कशाला जपायचा, असं वाटेल. पण इंटरनेट आर्काइव्हवर फेब्रुवारी २०१६ पासून व्हायरसांचं चक्क संग्रहालय आहे. फिनलंडचे सुरक्षातज्ज्ञ मिको हुप्पोनेन यांनी जमवलेले ऐंशी-नव्वदच्या दशकांतले व्हायरस तिथे विषाचे दात काढून ठेवलेत. ते पडद्यावर काय खेळ करायचे तेवढं दिसतं, इजा काही होत नाही. त्या काळचे व्हायरस लिहिणारे पैसे मागत नसत, बरेचदा नुसती खोडी काढत. हे समजायला तो खेळ डोळ्यांनीच पाहावा लागतो.

कॅसेटवाल्या पिढीला ठाऊक, अमेरिकेला नाही

व्हिडिओ गेमच्या यंत्रात खोचायच्या डबीला आपल्याकडे कार्ट्रिज कुणी म्हटलं नाही. ती कॅसेटच. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. वर छापलेलं असायचं ‘९९९९९९९ इन १’ आणि आत मोजून थोडेच गेम, तेच पुन्हा पुन्हा, कधी वेगळ्या नावाने, कधी मधल्या पातळीपासून सुरू होणारे.

ही यंत्रं बहुतेक जपानच्या निन्टेंडो फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ निन्टेंडो भारतात अधिकृतपणे आला तो ‘समुराई’ या नावाने, पण घराघरांत पोचल्या त्या स्वस्त नकला. पुढे मुंबईच्या मिताशीनेही त्या बाजारात जम बसवला. आणि यातून एक विलक्षण गोष्ट घडली. विटांच्या भिंती फोडत रणगाडे चालवायचा ‘बॅटल सिटी’ नामको कंपनीने १९८५ मध्ये जपानपुरता काढला. अमेरिकेच्या दुकानांत तो त्या काळी आलाच नाही. म्हणजे तिकडच्या मुलांना जो रणगाडा माहीत नव्हता, तो उरण-पनवेलच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तासाच्या भाड्याने खेळलेल्या मुलांना तोंडपाठ होता! आपल्या लहानपणाचा हा नकाशा कोणत्याही कंपनीच्या दप्तरात नोंदलेला नाही. तो फक्त त्या बेकायदा कॅसेटींमध्ये आहे. म्हणून जगातले काही हौशी संग्राहक मूळ गेमइतक्याच आस्थेने या ‘इतके इन १’ कॅसेटी जमवून, त्यांतली मेन्यूची पाटी, तिचं चिवचिवणारं संगीत, सगळं उतरवून घेतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

काम सोपं मात्र नाही. स्वस्त कॅसेटमध्ये चिपला पाय नसतात. नुसत्या पट्टीवर चिप चिकटवून वरून काळ्या राळेचा गोळा ओतलेला असतो. तो फोडला तर चिपही जाते. त्यामुळे कॅसेटच्या सोनेरी दातांमधून संकेत देऊन आतली माहिती काढावी लागते.

आणि बदकं टिपायच्या ‘डक हंट’ गेमची बंदूक? तिच्यातून काहीच सुटत नसे! घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीतला डोळा त्याच क्षणी उजेड दिसतो का ते पाहायचा. दिसला की बदक पडलं. हा सगळा हिशेब जाडजूड काचेच्या जुन्या टीव्हीच्या वेगावर बसवलेला. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, तेवढ्यात बंदुकीची वेळ निघून जाते. गेम आहे, बंदूक आहे, पण बदक पडत नाही. तुमच्या घरी जुना चालू टीव्ही असेल तर भंगारात टाकण्याआधी दोनदा विचार करा.

दारूवाल्यांचा सेगा

मद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शॉ वॉलेस उद्योगसमूहाने १९९५ मध्ये भारतात सेगा कंपनीचं ‘मेगा ड्राइव्ह’ हे गेमचं यंत्र विकायला आणलं. किंमत सुमारे १८,००० रुपये! त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात एवढ्या पैशांत रंगीत टीव्ही येत असे. नकली कॅसेटवाले का जिंकले ते वेगळं सांगायला नको.

यंत्राचं सोंग

जुनं यंत्र नसताना जुना गेम चालतो कसा? एम्युलेटरमुळे. हा असा प्रोग्राम की तो आजच्या संगणकावर जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग वठवतो आणि गेमला वाटतं आपण घरीच आहोत. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ५ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘मेम’ची पहिली आवृत्ती काढली. त्यात पार्लरमधल्या नाण्याच्या यंत्रांची सोंगं होती. पुढे हे प्रोग्राम थेट ब्राउझरमध्ये चालवण्याची युक्ती साधली. नोव्हेंबर २०१४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने सुमारे ९०० पार्लरगेम खुले केले आणि जानेवारी २०१५ मध्ये डॉसवरचे दोन हजारांवर. काही उतरवून घ्यायला नको, काही बसवायला नको. द्रोणागिरीहून लोकल सुटली आणि खारकोपर येईपर्यंत फोनवरसुद्धा एखादा गेम उघडून पाहता येतो, बटणं मात्र फोनवर नीट दाबली जात नाहीत हे खरं.

अक्षरं गेली, पान राहिलं

आता आपल्या खास घरच्या गोष्टीकडे येतो, कारण माझा जीव सगळ्यात जास्त इथे अडकलाय.

पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं. महासंगणक ‘परम’मुळे त्याचं नाव झालं, पण मराठी माणसाच्या टेबलावर ते पोचलं जिस्ट कार्डामुळे. हे कार्ड संगणकाच्या पोटात खोचलं की डॉसवरच्या साध्या इंग्रजी प्रोग्रामांतही देवनागरी टाइप करता यायचं. पुढे विंडोज आलं आणि फॉन्टांचा पूर आला. सी-डॅकचे सुरेख, योगेश, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बंगळूरची आकृती, शिवाय शिवाजी. छापखाने, साप्ताहिकं, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अर्ज, सगळं यांच्यावर चाललं.

अडचण अशी की प्रत्येकाने अक्षरं आपापल्या सोयीने मांडलेली. एका फॉन्टमध्ये ज्या खणात ‘क’, दुसऱ्यात त्याच खणात भलतीच मात्रा. देवनागरीचे युनिकोडमधले खण १९९१ मध्येच ठरले होते, पण आपल्या टेबलांपर्यंत ते रुळायला पुढची पंधराएक वर्षं गेली. त्या मधल्या काळातली मराठी फाइल आज उघडा. फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी दिसते. फाइल जशीच्या तशी शाबूत आहे, एक बाइटही हललेला नाही आणि तरी एक ओळ वाचता येत नाही.

संकेतस्थळांचंही तेच. मायबोली १९९६ मध्ये सुरू झाली आणि इंटरनेट आर्काइव्हने पानं साठवायला सुरुवात केली तेही १९९६ मध्येच. म्हणजे मराठी इंटरनेट आणि त्याची जपणूक एकाच वयाची! पण त्या काळच्या अनेक मराठी स्थळांना स्वतःचा फॉन्ट पानाबरोबर पाठवावा लागे आणि तो एखाद्याच ब्राउझरमध्ये नीट चाले. आर्काइव्हमध्ये असं जुनं पान उघडलं की चौकट येते, रंग येतात, कधी छायाचित्रंही येतात. अक्षरं तेवढी येत नाहीत.

यावर उपाय आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक कितीतरी मराठी हौशी लोकांनी लिहिलेत. पण परिवर्तक लिहायला कोणत्या खणात कोणतं अक्षर हे कळावं लागतं आणि ते कळतं मूळ फॉन्टच्या फाइलवरून. ती काही किलोबाइटची, कुणाच्या तरी मरू घातलेल्या संगणकात पडलेली फाइल म्हणजे एखाद्या साप्ताहिकाच्या दहा वर्षांच्या अंकांची किल्ली असू शकते. राजपुत्र वाचला याचा मला आनंदच आहे. पण त्याला वाचवायला जग धावलं. आपले फॉन्ट वाचवायला आपणच धावायला हवं.

फ्लॅश विझला, जावा मावळला

३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा कारभार संपवला. २००६ मध्ये सुरू झालेल्या झपाकसारख्या स्थळांवर सायबर कॅफेत बसून खेळलेले छोटे गेम एका फटक्यात बंद. पण वार्ता आधी कळली होती, म्हणून २०१८ पासूनच ‘फ्लॅशपॉइंट’ नावाच्या उपक्रमातल्या स्वयंसेवकांनी ते उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि लाखाहून अधिक गेम आणि ॲनिमेशन वाचवले.

बटणांच्या मोबाइलवरच्या जावा गेमना अशी आगाऊ सूचना मिळाली नाही. मुंबईत १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी सुरू केलेल्या इंडियागेम्सने या छोट्या पडद्यासाठी ढीगभर गेम केले. कंपनी पुढे यूटीव्हीकडे आणि मग डिस्नेकडे गेली. तुमच्या जुन्या नोकियात असे गेम अजून असतील तर तो फोन चार्जिंगला लावून पाहा.

हनुमानाचं नाव घेतलंच आहे तर हेही ऐका. २००९ मध्ये सोनीने प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ काढला. संपूर्णपणे भारतात घडलेला पहिला कन्सोल गेम म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तो केला हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने. पुढे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ जगाच्या बाजारात नेला, पण तो आधी आला डिजिटल दुकानात. अशी दुकानंही बंद होतात. निन्टेंडोने आपली दोन डिजिटल दुकानं मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद केली, तेव्हा फक्त तिथेच मिळणारे कितीतरी गेम विकत घ्यायची वाटच संपली.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी करून सांगितलं. विकत मिळत नाही म्हणजे तो फुकट झाला, असं मात्र नाही. भारतीय कायद्यात संगणक प्रोग्राम हे साहित्यच मानलं जातं आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक खिडकी आहे. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला ती खराब होण्यापासून वाचवण्यासाठी बॅकअप प्रत करता येते. अमेरिकेत ग्रंथालयांनी जुने गेम अभ्यासकांना घरबसल्या दाखवू देण्याची परवानगी मागितली, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली गेली. पुस्तक घरी नेता येतं आणि तीस वर्षांपूर्वीचा गेम नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

त्याच महिन्यात इंटरनेट आर्काइव्हवरही सायबर हल्ला झाला. तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती चोरीला गेली आणि स्थळ काही दिवस बंद राहिलं. सान फ्रान्सिस्कोमधल्या एका जुन्या चर्चमध्ये या संस्थेचं घर आहे, सभागृहाच्या मागच्या भिंतीत सर्व्हरचे दिवे लुकलुकत असतात आणि बाकांजवळ तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांचे छोटे पुतळे उभे आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या जपलेल्या पानांचा आकडा एक लाख कोटींवर गेला. पण इतकं सगळं एकाच दारामागे असणं बरं नव्हे. प्रती अनेक ठिकाणी हव्यात.

माळ्यावर चढा

उरण-द्रोणागिरीची हवा खाडीची, मिठागरांची. पावसाळ्यात भिंतीला ओल, कपाटात बुरशी. फ्लॉपीच्या तबकडीवरही ती पांढुरकी चढते. अशी फ्लॉपी घाईने ड्राइव्हमध्ये घालू नका, वाचणारं डोकं तबकडी खरवडून काढतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही बिघडवतं. आधी उजेडात धरून झडप सरकवून पाहा. स्वच्छ असेल तर कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. साडेतीन इंचीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह पुरतो. सव्वापाच इंची असेल तर जुना ड्राइव्ह आणि ‘ग्रीसवीझल’ नावाचा छोटा बोर्ड लागतो. तबकडीवरचे चुंबकी बदल तो जसेच्या तसे टिपतो.

काय शोधायचं? मराठी टायपिंग शिकवणारे प्रोग्राम, कुंडली मांडून देणारे, पतपेढीचे हिशेब ठेवणारे, दहावीच्या अभ्यासाच्या सीड्या, फॉन्टच्या फ्लॉप्या, कॅसेटी, त्यांच्या पुस्तिका. स्वतः लिहिलेला प्रोग्राम किंवा आपल्याच संस्थेने काढलेली सीडी असेल तर आर्काइव्हवर मोफत खातं काढून थेट चढवता येते, वर्णन मराठीत लिहा म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर निदान बॅकअप करून ठेवा. चिकटवलेल्या पट्टीवर हाताने लिहिलेलं नाव, पुठ्ठ्याचा खोका, दुकानाची पावती, यांचेही फोटो काढा. पावतीवरून तो प्रोग्राम कुठल्या गावात, कोणत्या साली, केवढ्याला विकला गेला ते कळतं, आणि हे फ्लॉपीत कुठेच लिहिलेलं नसतं.